उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात, अंडी घटतात, दुपारी एखादी मरते: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

होळी झाली की सोलापुरात ही तक्रार सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही. शहरात घरामागे पाळलेल्या दहा कोंबड्या असोत की मोहोळ-बार्शीकडच्या वस्तीवरच्या चाळीस, सांगणारा तेच सांगतो. ज्यांच्या ज्यांच्याकडे जाऊन बघितलं, तिथे बिघाडही बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी सापडला. म्हणून तपासायचा क्रम इथे लिहून ठेवतो. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपया लागत नाही. फक्त दुपारी दोन वाजता उन्हात बाहेर यावं लागतं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

लक्षणं

कोंबडी चोच उघडून धापा टाकते, गळ्याची कातडी सारखी थरथरते. पंख अंगापासून सुटून खाली लोंबतात. खाद्य तसंच पडून राहतं, पाणी मात्र संपतं, आणि विष्ठा पाण्यासारखी पातळ होते. अंडी आठवड्याभरात निम्म्यावर येतात. जी मिळतात ती लहान असतात, कवच इतकं पातळ की उचलताना बोट आत जातं. शेवटच्या टप्प्यात कोंबडी डोळे मिटून मान टाकते आणि धापा मंदावतात. इथे बरेच जण फसतात. धाप कमी झाली म्हणजे बरं वाटतंय असं समजून निघून जातात. सावलीत, गार वेळेला धाप थांबली तर ती सुधारणा. भर दुपारी, कोंबडी पडलेली असताना धाप थांबली तर तिचं अंग थकून हरलेलं असतं आणि हातात थोडीच मिनिटं उरलेली असतात.

हे का होतं ते एकदा समजून घ्या, मग पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. हवा तिच्यापेक्षा गार असेपर्यंत तुरा, पाय आणि पंखांखालची उघडी कातडी यांतून उष्णता बाहेर जाते. पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारची हवाच ४१-४२ वर जाते. मग उष्णता बाहेर टाकायला एकच रस्ता उरतो: श्वासावाटे पाण्याची वाफ. म्हणून धापा, म्हणून पाणी. पातळ कवचाचं कारणही धापांतच आहे. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्ताचं संतुलन बिघडतं आणि कवचाला लागणारा मालच कमी पडतो. अशा वेळी नुसतं कॅल्शियमचं औषध पाजून कवच सुधारत नाही. आधी धाप कमी करावी लागते.

कोंबडी आत्ताच पडली असेल तर

बाकीचं नंतर वाचा. तिला उचलून सावलीत न्या आणि बादलीतल्या साध्या गार पाण्यात मानेपर्यंत बुडवून दोन-तीन मिनिटं धरा. डोकं बाहेर राहू द्या. पाणी माठातलं चालेल, बर्फाचं नको. एकदम गार पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. पिसं वरून शिंपडून भिजत नाहीत, ती पाणी झटकून टाकतात. म्हणून बुडवायचंच, निदान पोट आणि पाय तरी. चोच जबरदस्तीने उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. चोचीच्या टोकाला थेंब लावा, गिळायला लागली की वाटी पुढे करा. अर्ध्या-पाऊण तासात मान सरळ धरून उभी राहिली तर वाचली. त्या दिवशी मात्र तिला कळपात परत सोडू नका. बाकीच्या टोचून बेजार करतात.

१. कोण मेलं आणि कधी मेलं

माझ्या मते सगळ्यात उपयोगाची तपासणी हीच आहे, आणि ती फुकट आहे.

उन्हाने मरणारी कोंबडी साधारण दुपारी दोन ते संध्याकाळी सहामध्ये मरते. चार-पाचला जास्त, कारण अंगात दिवसभर साठलेली उष्णता तेव्हा हद्दीबाहेर जाते. आणि ती कळपातली भारी, धष्टपुष्ट, अंड्यावरची कोंबडी असते, नाहीतर मोठा कोंबडा. गिरिराज, वनराज यांसारख्या जड अंगाच्या जाती आधी जातात. हलक्या अंगाची गावरान सगळ्यात शेवटी. लहान पिल्लांना तर ऊब लागतेच, त्यामुळे ती उन्हाला बरीच टिकतात.

आता उलटं बघा. सकाळी खुराडं उघडल्यावर मेलेली सापडली तर दोष रात्रीच्या जागेत आहे किंवा रोग आहे. पिल्लं आणि रोड कोंबड्या आधी मरत असतील तर उन्हावर खापर फोडू नका. गार दिवशीही मरत असतील तर नाहीच नाही. मेलेली कोंबडी उचलायच्या आधी वेळ, जागा आणि कोणती होती एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे डॉक्टर विचारतात तेव्हा हेच कामी येतं.

२. दुपारी दोनला पाण्यात बोट घाला

सकाळी सातला पाणी भरून ठेवलं, भांडं सावलीत होतं, काम झालं असं आपण धरून चालतो. सावली सरकते. बारानंतर तेच भांडं उन्हात असतं. प्लास्टिकचं किंवा जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) भांडं असेल तर दोन वाजता पाणी चहाला ठेवल्यासारखं होतं. कोंबडी चोच लावते आणि सोडून देते. भांडं भरलेलं दिसतं, म्हणून मालकाला वाटतं पाणी आहेच. सगळ्यात जास्त वेळा मला सापडलेला बिघाड हाच.

बोटाला पाणी कोमट लागलं तर बदला. दिवसातून तीनदा: सकाळी, बाराच्या आधी, साडेतीनला. भांडं मातीचं घ्या. कुंभाराकडचं उथळ परळ किंवा फुटक्या माठाचा तळ. आपली हवा कोरडी असल्यामुळे मातीतून पाझरणारं पाणी वाळतं आणि आतलं गार राहतं. अर्धं परळ जमिनीत गाडलं तर आणखी बरं. दर दोन-तीन दिवसांनी घासा, हिरवं शेवाळ धरू देऊ नका.

दुसरी अडचण आपल्या शहराची. नळाला पाणी रोज येत नाही, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारी हात भाजेल असं येतं. त्याच नळाला पाइप जोडून कोंबड्यांचं भांडं भरणारे पुष्कळ आहेत. पाणी पहाटे काढून रांजणात किंवा माठात वेगळं ठेवा, दिवसभर त्यातलंच वापरा.

पाणी किती लागतं याचा अंदाजही कमी पडतो. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते, कडक उन्हाळ्यात अर्ध्या लिटरपर्यंत जाते. म्हणजे दहा कोंबड्यांना पाच लिटर धरा. आणि भांडी किमान दोन, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एकच असेल तर दांडगी कोंबडी त्याच्यापाशी ठाण मांडते आणि गरीब तहानेने मरते.

दुपारच्या पाण्यात इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षारांची पुडी, देता येतं. पशुवैद्यकीय दुकानातली पुडी असेल तर तिच्यावरच्या प्रमाणात. ती नसेल तर माणसाचं ओआरएस, एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच, फक्त दुपारच्या चार-पाच तासांपुरतं, आणि शेजारी साधं पाणी ठेवूनच. घरी अंदाजाने मीठ-साखर कालवू नका. जास्तीच्या मिठाने कोंबडी मरते, उन्हाची वाट बघत नाही.

३. खाद्य कधी टाकता

पचनातून अंगात उष्णता तयार होते आणि खाल्ल्यानंतर तीन ते पाच तासांत ती सगळ्यात जास्त असते. सकाळी दहाला पोटभर ज्वारी किंवा मका टाकला की ही उष्णता बरोबर एक ते तीनला, बाहेरच्या उन्हावर येऊन पडते. म्हणून दाणे पहाटे साडेपाच-सहाला आणि मग उन्हं उतरल्यावर. दहाच्या आत भांडी उचला. मध्ये मेथीची देठं, काकडी, कलिंगडाची साल एवढंच द्या. भिजवलेला भरडा कोंबड्या आवडीने खातात, पण या हवेत तो तासाभरात आंबतो. उरलेला लगेच काढून टाका.

शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी द्या. कवच मुख्यतः रात्री बनतं, तेव्हा पोटात चुना हवा.

पकडापकडी, चोच कापणं, लस, जंताचं औषध, यातलं काहीही दुपारी नको. दोन मिनिटं पळवलेली कोंबडी त्या उन्हात सावरत नाही.

४. खुडूक कोंबडी

ही वेगळी लिहितो, कारण ही गुपचूप मरते. रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली कोंबडी पाण्यासाठीसुद्धा सहज उठत नाही. बहुतेकांनी तिला कोपऱ्यात, डालग्याखाली, पत्र्याच्या आडोशाला बसवलेलं असतं, म्हणजे घरातल्या सगळ्यात कोंदट जागी. सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिला हाताने उठवून पाणी-दाणा दाखवा. माझं स्पष्ट मत आहे की एप्रिल-मे मध्ये रवण बसवूच नये. नुसतं घरात ठेवलेलं अंडंही या उष्णतेत अर्धवट वाढायला लागतं आणि मग आत मरतं. कोंबडी झिजते आणि पिल्लं चार निघतात. बसली असेल तर खालची अंडी काढा आणि तिला बाकीच्यांत सोडा. खाण्यासाठीची अंडीसुद्धा दिवसातून दोन-तीनदा गोळा करा.

५. सावली कुठे आहे, जमीन कशाची आहे

आपल्याकडे अंगणात शहाबादी फरशी असते. दुपारी त्यावर आपल्याला अनवाणी उभं राहवत नाही, कोंबडी दिवसभर तिथेच उभी असते. तिला मातीची जागा हवी. एका कोपऱ्यातली फरशी उचला, नाहीतर विटांची चौकट करून त्यात वीतभर माती-वाळू भरा आणि सकाळी थोडं पाणी शिंपडा. कोंबड्या तिथे उकरून अंग टेकतात आणि पोटाची उष्णता ओल्या मातीला देतात. सावली झाडाची मिळाली तर उत्तमच, कडुलिंब असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर शेडनेट बांधा, पण कोंबड्यांच्या डोक्यापासून निदान सहा-सात फूट उंच आणि पश्चिमेची बाजू झाकेल असं. दुपारचं कडक ऊन तिकडूनच आत शिरतं.

६. रात्रीचं खुराडं

सकाळी मेलेल्या सापडतात त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे आहे. मुंगूस आणि बोक्याच्या भीतीने खुराडं चारी बाजूंनी फळ्या-पत्र्याने बंद केलेलं असतं. भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, आत पंधरा कोंबड्यांच्या अंगाची वाफ, वरून विष्ठेचा वास. रात्री दहाला आत हात घालून बघा. बाहेरच्यापेक्षा हवा गरम आणि ओलसर लागली तर दोन समोरासमोरच्या बाजू फोडा आणि तिथे अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा. साधी कोंबडीजाळी कुत्रं फाडतं.

बसायची काठी पत्र्याच्या अगदी खाली असेल तर उन्हाळ्यापुरती खाली उतरवा. खालचा भुसा दोन इंचांवर आणा. जाड थर आतून कुजून तापतो. आणि गर्दी मोजा. प्रत्येक कोंबडीला दोन चौरस फूट जागा मिळत नसेल तर कोणताही उपाय पुरा पडणार नाही. जास्तीचे कोंबडे गुढीपाडव्याच्या आत विकून मोकळे व्हा. मे महिन्यात मेलेल्या कोंबड्याला गिऱ्हाईक नसतं.

७. पत्रा

आता खर्च सुरू होतो. पत्र्याखाली, कोंबडीच्या उंचीवर बसून तळहात वर धरा. चेहऱ्याला आणि हाताला धग जाणवली तर पत्रा तिला वरून भाजतोय, मग सावली असून उपयोग नाही. पहिला उपाय चुन्याचा: पत्र्यावर बाहेरून दोन हात पांढरा चुना, धरून राहावा म्हणून थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालून. पांढरा रंग ऊन परतवतो. दुसरा उपाय वर जाड थर टाकण्याचा. कडबा जनावरांना लागतो आणि महागही पडतो. उसाचं पाचट आपल्या जिल्ह्यात कुठेही मिळतं. अर्धा फूट थर टाकून दोरीने घट्ट बांधा, नाहीतर पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात ते शेजारच्या गच्चीवर जातं. चूल किंवा विजेची उघडी वायर जवळ असेल तर पाचट टाकू नका, तिथे चुन्यावरच भागवा.

८. ओली पोती, पंखा

पश्चिमेच्या जाळीला गोणपाट बांधून ते ओलं ठेवलं की आत येणारा वारा गार होतो. कोरड्या हवेत हे फार चांगलं चालतं. अट एकच: समोरची बाजू पूर्ण उघडी हवी. चारी बाजूंना ओली पोती बांधली की आत वाफ कोंडते, आणि दमट हवेत धापा टाकून काही उपयोग होत नाही, कारण वाफ बाहेर जायला जागाच नसते. वळीव पडून गेल्यावर उकडतं त्या दिवशी पोती काढून टाका. नेमक्या अशा दिवशी, तापमान कमी असूनही, कोंबड्या जास्त मरतात.

नुसता पंखा ४२ अंशांची हवा अंगावर फेकतो, ती गार करत नाही. पंखा ओल्या पोत्यामागे लावा, किंवा रात्री खुराड्याच्या जाळीपाशी. ओलसर जागा, लोखंडी जाळी आणि वीज एकत्र येतात तिथे वायरिंग स्वतः करू नका. वायरमनला बोलवा, अर्थिंग करून घ्या. जाळीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा आणि मेन स्विच बंद करा.

९. रात्री बॅटरी घेऊन गोचीड शोधा

वरचं सगळं ठीक आहे, तरी कोंबड्या मलूल, तुरे फिके, अंडी बंद, तर हे बघा. मातीच्या भिंती, जुनं लाकूड, बांबूच्या खाचा यांत कोंबडीचे गोचीड दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काहीच सापडत नाही, म्हणून हा दोष उन्हाच्या नावावर खपून जातो. रात्री अकराला बॅटरीने काठीची खालची बाजू आणि भिंतीच्या भेगा बघा. दिवसा पंखांखाली लाल-निळे ठिपके दिसतात. हे गोचीड महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात, त्यामुळे खुराडं काही दिवस रिकामं ठेवून ते जात नाहीत. कोंबड्या बाहेर काढून भेगा गॅसगनच्या ज्योतीने भाजा, मग माती-सिमेंटने बुजवा आणि चुना मारा. लाकडी खुराड्याला ज्योत लावू नका, त्यावर उकळतं पाणी ओता.

हात जोडून एक सांगणं आहे. पंढरपूर-सांगोल्याकडे घरोघर द्राक्षावर नाहीतर डाळिंबावर मारायचं कीटकनाशक असतं. ते कोंबडीवर किंवा खुराड्यात फवारू नका. कोंबड्या मरतात आणि वाचलेल्यांच्या अंड्यात विष उतरतं. अंगावर मारायचं औषध डॉक्टरांनी सांगितलेलंच.

इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा

पुढचं काहीही दिसलं तर घरगुती उपाय बंद करा:

- एका दिवसात दोन-तीन मेल्या, किंवा सकाळ-रात्र केव्हाही मरताहेत.
- हिरवी किंवा रक्ताची हगवण. उन्हातली विष्ठा पाण्यासारखी असते, हिरवी नसते.
- मान वाकडी, पाय लुळे, श्वासाला घरघर, नाका-डोळ्यांतून पाणी.
- डोकं सुजलेलं, तुरा निळा-जांभळा.
- गार करून तास झाला तरी कोंबडी उभी राहत नाही.

मान वाकडी आणि हिरवी हगवण म्हणजे पहिला संशय मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा. त्याला औषध नाही, फक्त लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी. लस बर्फावरच आणायची आणि पहाटेच द्यायची. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकू नका. उन्हावर त्याचा उपयोग नाही, राणीखेतवरही नाही.

डोकं सुजून कोंबड्या पटापट मरत असतील तर बर्ड फ्लूचाही विचार करावा लागतो. आपल्या राज्यात तो २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला सापडला होता. अशा वेळी मेलेल्या कोंबडीला उघड्या हाताने शिवू नका, घरी कापून बघू नका, आजारी कोंबडी स्वस्तात विकू नका. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा जनावरांच्या दवाखान्याच्या मदतीच्या १९६२ या नंबरवर फोन करा.

फोनवर चार गोष्टी सांगा: किती होत्या आणि किती मेल्या, कोणत्या वेळी मेल्या, विष्ठेचा रंग, शेवटची लस कधी दिली. तपासणीसाठी मेलेली कोंबडी लागेल का ते त्यांनाच विचारा. त्यांनी पुरायला सांगितलं तर विहीर आणि बोअरपासून लांब, तीन-चार फूट खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरा.